बनावट कीटकनाशकातला सक्रिय घटक स्पेक्ट्रल इमेजिंगने ओळखायचा आणि मोजायचा कसा

वर्णपटावरून इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं प्रमाण सांगायला बनवलेल्या मॉडेलसमोर नुसता खडू ठेवला तरी ते टक्केवारी सांगतं, तीही दोन दशांशांपर्यंत. ‘हा पदार्थ माझ्या ओळखीचा नाही’ असं ते आपणहून कधीच म्हणत नाही. ते म्हणायची सोय आपल्याला करून ठेवावी लागते. बनावट औषधांच्या तपासणीतल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. घटकाची ओळख पटण्याआधी मोजणी होते आणि मॉडेलने कधी पाहिलेलाच नाही अशा फिलरवर (वजन भरायला घातलेल्या पावडरीवर) आकडा छापला जातो.

खालचा क्रम निअर इन्फ्रारेड लाइन-स्कॅन कॅमेऱ्यासाठी आहे, म्हणजे ओळीओळीने चित्र घेत प्रत्येक पिक्सेलचा वर्णपट टिपणाऱ्या कॅमेऱ्यासाठी. असे कॅमेरे ९०० ते १७०० किंवा १००० ते २५०० नॅनोमीटर या पट्ट्यात चालतात. नमुना प्रामुख्याने पावडर किंवा दाणेदार धरला आहे. द्रव औषधांचं शेवटी थोडक्यात पाहू.

## आधी मर्यादा

या तंत्राने ७०% डब्ल्यूजी (पाण्यात पसरणारे दाणे), ७५% डब्ल्यूपी (पाण्यात भिजणारी पावडर), ५०% डब्ल्यूपी अशी औषधं नीट तपासता येतात. ५% एसजीमध्ये (पाण्यात विरघळणारे दाणे) घटक आहे की नाही हे सांगता येतं, पण प्रमाण मोजताना ओढाताण होते. ०.३% जीआर (थेट टाकायचे दाणे) किंवा फळभाजीवरचे अवशेष यांच्या वाटेला जाऊ नका. वजनाच्या १ टक्क्याखाली निअर इन्फ्रारेड इमेजिंगवर भरवसा ठेवायचा नसतो. ‘जैविक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधात चोरून मिसळलेलं रासायनिक कीटकनाशक अनेकदा याहूनही कमी असतं. ते या कॅमेऱ्याला दिसणार नाही, त्यामुळे असा नमुना थेट क्रोमॅटोग्राफीकडे (घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीकडे) पाठवा.

## टप्पा १: नमुना उघडणं आणि त्याचे वाटे करणं

बनावट पाकिटात काय आहे ते लेबलवरून कळत नाही, म्हणून लेबलवरचा विषारीपणाचा रंगही खरा मानू नका. नायट्राइल हातमोजे, डोळ्यांचं संरक्षण आणि फ्यूम हूड हे प्रत्येक नमुन्याला लागतंच.

१. पाकीट, सील, बॅच क्रमांक आणि एकूण वजन यांची नोंद उघडण्यापूर्वी करा.

२. पाकीट न फोडता दहा-बारा वेळा उलटंपालटं करा. वाहतुकीत बारीक कण खाली बसतात, त्यामुळे वरून चमचाभर उचललेला नमुना अख्ख्या पाकिटाचा नसतो.

३. पावडरीचा ढीग करून तो सपाट करा, त्याचे चार भाग करा आणि समोरासमोरचे दोन ठेवा. हवं तेवढं वजन उरेपर्यंत हेच करत राहा.

४. शेवटी तीन वाटे करा: एक सीलबंद राखीव, एक रासायनिक चाचणीसाठी आणि एक कॅमेऱ्यासाठी.

५. कॅमेऱ्याचा वाटा आणि तुमची संदर्भ मिश्रणं एकाच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) २४ तास ठेवा. पाणी १४५० आणि १९४० नॅनोमीटरजवळ जोरात शोषतं. दोघांची आर्द्रता वेगळी असली तर मॉडेल औषधाऐवजी हवेतला ओलावा मोजत बसतं.

सावधान: दाणेदार औषध अख्खंच स्कॅन केलं तर फक्त पृष्ठभाग दिसतो. वाळूच्या दाण्यावर औषधाचा लेप असेल तर आकडा कितीतरी जास्त येतो. दाणे आधी तसेच स्कॅन करा आणि मग अॅगेटच्या खलात हलक्या हाताने कुटून पुन्हा स्कॅन करा. जोर लावून, तापेपर्यंत घोटू नका. क्लोरपायरिफॉस ४२ अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतं.

## टप्पा २: संदर्भ मिश्रणं

या टप्प्यात घाई केली तर पुढचं कुठलंही गणित ती भरून काढू शकत नाही.

तीन गोष्टी लागतात: माहीत शुद्धतेचा तांत्रिक दर्जाचा सक्रिय घटक, मूळ औषधाचा सक्रिय घटकाविना बेस (पाण्यात पसरवणारा डिस्पर्संट आणि भिजवणारा वेटिंग एजंट यांसह), आणि बनावट मालात सापडणारे फिलर, म्हणजे केओलिन, टाल्क, कॅल्शियम कार्बोनेट, जिप्सम, स्टार्च, साखर आणि मीठ.

७०% डब्ल्यूजीसाठी ०, १०, २० असं करत ८० टक्क्यांपर्यंत नऊ पातळ्या घ्या. प्रत्येक पातळीवर तीन वेगवेगळी मिश्रणं करा, म्हणजे एकूण २७. वजन काढताना तांत्रिक घटकाची शुद्धता विसरू नका. ३५ टक्क्यांचं २० ग्रॅम मिश्रण हवं असेल तर शुद्ध घटक ७.० ग्रॅम लागतो. तांत्रिक माल ९७ टक्के शुद्ध असेल तर ७.० ÷ ०.९७ = ७.२२ ग्रॅम घ्यायचा आणि उरलेले १२.७८ ग्रॅम बेस व फिलर घालायचे. शुद्धता न धरता थेट ७ ग्रॅम घेतले की सगळं मॉडेल तीन टक्क्यांनी सरकतं, आणि एचपीएलसीने पडताळणी केली नाही तर ती चूक पुढे कुठेच दिसत नाही.

मिसळताना सगळं एकदम ओतू नका. कमी प्रमाणातला पदार्थ आधी तेवढ्याच फिलरमध्ये मिसळा, मग तयार मिश्रणाइतका फिलर पुन्हा घाला आणि असंच दुप्पट करत जा.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. समजा सगळी मिश्रणं फक्त औषध आणि केओलिनची केली. औषध वाढलं की केओलिन घटणारच. केओलिनची खूण (वर्णपटातला शोषणाचा उंचवटा) १४०० आणि २२०० नॅनोमीटरजवळ ठळक असते, औषधाची बरीच फिकी. मॉडेल सोपी वाट धरतं आणि ‘केओलिन कमी म्हणजे औषध जास्त’ एवढंच शिकतं. मग खडूच्या पावडरीत केओलिन नाही म्हटल्यावर तिच्यात औषध भरपूर आहे असं ते बिनदिक्कत सांगतं.

यावर उपाय म्हणजे एकाच पातळीवर फिलर बदलणं. ४० टक्क्यांच्या पातळीवर उरलेले ६० भाग असे विभागता येतील: पहिल्या मिश्रणात ४५ केओलिन आणि १५ कॅल्शियम कार्बोनेट, दुसऱ्यात ४० टाल्क आणि २० साखर, तिसऱ्यात ३५ कॅल्शियम कार्बोनेट आणि २५ स्टार्च. प्रत्येकात बेसचा थोडा वाटा राखून हीच गुणोत्तरं ठेवा.

तपासा: औषधाची टक्केवारी आणि प्रत्येक फिलरची टक्केवारी यांचा सहसंबंध काढा. बेरीज शंभरच असल्याने तो पूर्ण शून्य होणार नाही. पण एखाद्या फिलरचा सहसंबंध −०.५ च्या पलीकडे गेला तर मिश्रणांची आखणी पुन्हा करा.

प्रत्येक मिश्रणाचा एक भाग एचपीएलसीने (द्रव क्रोमॅटोग्राफीने) तपासून घ्या आणि मॉडेलला तोच आकडा द्या. तराजूवरचं वजन बरोबर असलं तरी मिसळणं अपुरं राहिलेलं असू शकतं.

## टप्पा ३: कॅमेरा, दिवे आणि सरकपट्टी

हॅलोजन दिवे किमान ३० मिनिटं आधी लावून ठेवा. गार दिव्याचा प्रकाश स्थिरावेपर्यंत वर्णपटाचा उतार सरकत राहतो.

पांढरी संदर्भ टाइल ९९ टक्के परावर्तनाची घ्या आणि तिचा पृष्ठभाग पावडरीच्या पृष्ठभागाच्या उंचीवरच ठेवा. टाइल सरकपट्टीवर (नमुना कॅमेऱ्याखालून सरकवणाऱ्या पट्टीवर) टेकवून ठेवली आणि कप १० मिलिमीटर उंच असला, तर कपावर प्रकाश जास्त पडतो आणि परावर्तन खोटं वाढतं. एक्स्पोजर असं ठेवा की टाइलचा सिग्नल कमाल मर्यादेच्या ८० टक्क्यांच्या आसपास राहील. १२-बिट कॅमेऱ्यात हा आकडा ४०९५ पैकी साधारण ३३०० येतो.

डार्क संदर्भ लेन्स झाकून, त्याच एक्स्पोजरवर ५० ते १०० फ्रेमची सरासरी काढून घ्या. एक्स्पोजर बदललं की डार्कही नवा घ्यावा लागतो.

सरकपट्टीचा वेग म्हणजे पिक्सेलचा आकार गुणिले फ्रेमचा वेग. १२८ मिलिमीटर रुंदी ६४० पिक्सेलमध्ये बसत असेल तर एक पिक्सेल ०.२ मिलिमीटरचा. सेकंदाला १०० फ्रेम घेत असाल तर वेग सेकंदाला २० मिलिमीटर हवा.

तपासा: कागदावर छापलेलं वर्तुळ स्कॅन करा. ते लंबगोल दिसलं तर वेग चुकलेला आहे.

## टप्पा ४: कप भरणं आणि स्कॅन

कप उथळ, काळा आणि ३० मिलिमीटर व्यासाचा चालेल, पण थर किमान ५ मिलिमीटरचा हवा. प्रकाश पावडरीत साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी आत जातो. थर पातळ पडला तर कपाचा तळ औषधाच्या वर्णपटात मिसळतो. पावडर थोडी जास्त भरा आणि वरून पट्टी एकदाच ओढा. दाबू नका. दाबलेल्या पावडरीत प्रकाशाचं विखुरणं बदलतं आणि दोन कपांची तुलना बिघडते.

पॉलिथिनच्या पिशवीतून स्कॅन करायचा मोह टाळा. पॉलिथिनची स्वतःची खूण २३१० नॅनोमीटरजवळ येते आणि टाल्कची खूणही तिथेच असते. झाकण लागत असेल तर क्वार्ट्झचं वापरा.

प्रत्येक नमुन्याचे तीन कप भरा आणि प्रत्येक कप ९० अंशांनी फिरवून पुन्हा स्कॅन करा. कप दिव्याखाली थांबवून ठेवू नका, पावडर तापते. दर १५-२० मिनिटांनी पांढरा आणि डार्क संदर्भ नव्याने घ्या.

## टप्पा ५: डेटा साफ करणं

क्रम हाच ठेवा.

१. परावर्तन = (नमुना − डार्क) ÷ (पांढरा − डार्क).

२. मृत पिक्सेल काढून टाका. ते चित्रात उभी रेघ म्हणून दिसतात.

३. पट्ट्याची दोन्ही टोकं छाटा. ९०० ते १७०० च्या कॅमेऱ्यात साधारण ९५० च्या खालचा आणि १६८० च्या वरचा भाग गोंगाटाचा असतो.

४. कपाची कड, सावली आणि चकाकणारे पिक्सेल मास्क करा.

५. परावर्तनाच्या व्यस्ताचा लॉगॅरिदम घेऊन शोषण काढा. शून्य किंवा ऋण परावर्तनाचे पिक्सेल त्याआधीच गेलेले असले पाहिजेत.

६. सॅवित्स्की-गोले पद्धतीने डेरिव्हेटिव्ह (वर्णपटाचा बिंदूगणिक उतार) घ्या. चॅनेलमधलं अंतर ३ ते ५ नॅनोमीटर असेल तर ७ ते ११ बिंदूंची खिडकी पुरते. टाल्कची १३९० जवळची खूण सुईसारखी बारीक असते, रुंद खिडकीत ती पुसली जाते.

सावधान: सवयीने एसएनव्ही (स्टँडर्ड नॉर्मल व्हेरिएट) लावून मोकळं होऊ नका. एसएनव्ही प्रत्येक वर्णपटाची उंची एकसारखी करतं आणि फक्त आकार ठेवतं. मिठाला या पट्ट्यात स्वतःची खूण जवळजवळ नाही. खऱ्या औषधात निम्मं मीठ मिसळलं तर शोषण खाली येतं, पण आकार बव्हंशी तोच राहतो. एसएनव्हीनंतर तो नमुना खऱ्यासारखाच दिसतो आणि भेसळ हातातून निसटते. म्हणून एसएनव्हीसह आणि एसएनव्हीविना अशी दोन मॉडेलं बनवा. दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत आली तर खूण नसलेल्या फिलरचा संशय घ्या. असा नमुना पाण्यात ढवळून गाळला आणि पाण्याची विद्युतवाहकता पाहिली की मीठ लगेच पकडता येतं.

## टप्पा ६: आधी ओळख

मोजणीआधी तीन चाळण्या लावा.

पहिली चाळणी: नमुन्याचा सरासरी वर्णपट शुद्ध घटकाच्या वर्णपटाशेजारी ठेवून डोळ्यांनी पाहा. सॉफ्टवेअरला दाखवण्याआधी हे पाचेक मिनिटांचं काम कराच. अॅरोमॅटिक रचनेच्या घटकांची खूण १६४० ते १६८० च्या दरम्यान शोधा. २५०० पर्यंतचा कॅमेरा असेल तर फिलरही लगेच ओळखू येतात: २२०० जवळ केओलिन, २३१० जवळ टाल्क, २३४० जवळ कॅल्शियम कार्बोनेट, २१०० जवळ स्टार्च. जिप्सम १४५० ते १५४० मधल्या तीन खुणांनी सापडतं.

दुसरी चाळणी: पीसीए (वर्णपटांतले मुख्य फरक दोन-तीन अक्षांवर मांडणारी पद्धत) करून खऱ्या बॅचचे नमुने, फिलर आणि संशयित एकाच आलेखावर टाका. खऱ्या औषधाच्या किमान पाच-सहा वेगवेगळ्या बॅच हव्यात. एकाच बॅचवर आखलेलं वर्तुळ इतकं लहान होतं की खरा मालही बाहेर पडतो.

तिसरी चाळणी: प्रत्येक नमुन्यासाठी क्यू-रेसिड्युअल आणि हॉटेलिंग टी-स्क्वेअर काढा. वर्णपटाचा जो भाग मॉडेलला समजलाच नाही तो पहिल्यात दिसतो. नमुना ओळखीच्या क्षेत्रापासून किती लांब आहे ते दुसऱ्यात दिसतं. मर्यादा संदर्भ मिश्रणांवरून ९५ टक्क्यांवर ठरवा. यांतली एक जरी ओलांडली तर टक्केवारी लिहायची नाही. अहवालात ‘मॉडेलच्या कक्षेबाहेर’ असं लिहा. हाही पूर्ण आणि उपयोगी निकाल आहे.

दुसराच घटक घातल्याचा संशय असेल तर रामनची (लेसरचा विखुरलेला प्रकाश तपासणाऱ्या तंत्राची) जोड घ्या. २१०० ते २३०० वेव्हनंबरच्या (हे आकडे प्रति सेंटिमीटर आहेत, नॅनोमीटर नव्हेत) पट्ट्यात फिलर गप्प असतात. थायाक्लोप्रिड, अॅसिटामिप्रिड, क्लोरोथॅलोनिल यांच्यातल्या सायनो गटाची खूण मात्र तिथे उमटते. इमिडाक्लोप्रिडमध्ये हा गट नाही, त्यामुळे ‘इमिडाक्लोप्रिड’ लिहिलेल्या पाकिटात ती खूण आली तर आत दुसरं काहीतरी आहे. लिग्नोसल्फोनेट (एक डिस्पर्संट) किंवा लाल रंग असलेल्या औषधांत फ्लुओरेसन्स (नमुन्याची स्वतःची चमक) रामनची खूण झाकून टाकतो. तिथे ७८५ ऐवजी १०६४ नॅनोमीटरचा लेसर वापरा. गडद पावडरीवर लेसरची शक्ती कमीपासून वाढवत न्या, नाहीतर नमुना जळतो.

## टप्पा ७: मोजणी

पीएलएस मॉडेल (वर्णपटावरून टक्केवारी काढणारं रिग्रेशन) कपांच्या सरासरी वर्णपटांवर बनवा. २७ पैकी १८ मिश्रणं शिकवायला आणि ९ तपासायला ठेवा.

इथे सर्रास दिसणारी चूक म्हणजे पिक्सेल यादृच्छिकपणे वाटणं. ३० मिलिमीटरच्या कपात ०.२ मिलिमीटरचे साधारण १७,७०० पिक्सेल येतात. त्यांतले ७० टक्के शिकवायला आणि ३० टक्के तपासायला घेतले की एकच कप दोन्हीकडे जातो. चूक नगण्य दिसते, अहवाल देखणा होतो आणि बाहेरचा पहिलाच नमुना मॉडेलला तोंडघशी पाडतो. वाटणी नेहमी अख्ख्या मिश्रणाची करा, क्रॉस-व्हॅलिडेशनमध्येसुद्धा (आळीपाळीने काही भाग बाजूला ठेवून घेतलेल्या परीक्षेत).

पीएलएसच्या गणिती घटकांची (औषधातल्या घटकांची नव्हे) संख्या क्रॉस-व्हॅलिडेशनची चूक सपाट होते तिथे थांबवा. अशा पावडरींना सहसा ३ ते ६ गणिती घटक पुरतात, ९-१० लागत असतील तर मिश्रणांत गडबड आहे.

तपासा: मॉडेलचे रिग्रेशन गुणांक शुद्ध घटकाच्या वर्णपटावर ठेवा. मोठे गुणांक औषधाच्या खुणांवर न येता केओलिनच्या १४०० वर उलटे आले असतील, तर टप्पा २ मधली चूक झालेली आहे. तिकडेच परत जा.

## टप्पा ८: नकाशा

हेच मॉडेल प्रत्येक पिक्सेलवर लावलं की औषध कुठे किती आहे याचा नकाशा मिळतो. एकेका पिक्सेलचा आकडा गोंगाटामुळे वर-खाली होतो, काही आकडे ऋणही येतात. ते ऋण आकडे शून्य करू नका. वरचा गोंगाट राखून खालचा कापला की सरासरी आपोआप वाढते, आणि औषध नसलेल्या पावडरीतही दोन-तीन टक्के ‘सापडतात’.

नकाशासोबत आकड्यांचा हिस्टोग्राम पाहा. खऱ्या औषधात तो एकाच उंचवट्याचा असतो. दोन उंचवटे, त्यांतला एक शून्याजवळ, असं दिसलं तर खरं औषध आणि फिलर कोरडेच ढवळलेले आहेत. एकच उंचवटा पण लेबलच्या निम्म्यावर असेल तर माल मुळातच कमी घटकाचा बनवलेला आहे. भेसळ कुठल्या पायरीवर झाली याचा अंदाज यातून येतो, आणि इमेजिंगचा खर्च इथेच वसूल होतो. सरासरीच हवी असती तर साधा निअर इन्फ्रारेड (एनआयआर) प्रोबही पुरला असता.

## टप्पा ९: निकाल

एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या मानकांत लेबलवरच्या प्रमाणाभोवती मुभा दिलेली असते: किलोला ५०० ग्रॅमच्या वर ±२५ ग्रॅम, २५० ते ५०० मध्ये ±५ टक्के, १०० ते २५० मध्ये ±६ टक्के, २५ ते १०० मध्ये ±१० टक्के. ७०% डब्ल्यूजीसाठी मान्य पट्टा म्हणजे किलोला ६७५ ते ७२५ ग्रॅम.

आता मॉडेलची चूक त्यात धरा. तपासणीच्या नऊ मिश्रणांवर आरएमएसईपी (मॉडेलच्या अंदाजातली सरासरी चूक) किलोला २० ग्रॅम आला असं समजू. त्याची दुप्पट, म्हणजे ४० ग्रॅम, अनिश्चितता घ्या. ‘नक्की कमी’ म्हणायला आकडा ६३५ च्या खाली हवा. ‘नक्की बरोबर’ म्हणायला तो एकाच वेळी ७१५ च्या वर आणि ६८५ च्या खाली हवा, आणि ते शक्यच नाही. म्हणजे या मॉडेलने नमुना नापास करता येतो, पास करता येत नाही. मधला प्रत्येक नमुना एचपीएलसीकडे जातो. ५% एसजीमध्ये मान्य पट्टा ४५ ते ५५ ग्रॅम एवढाच असतो. तिथे कॅमेऱ्याने ‘घटक आहे’ किंवा ‘दिसत नाही’ यापलीकडे बोलू नये.

अहवालात आकड्यासोबत अनिश्चितता, तिन्ही चाळण्यांचे निकाल आणि ‘प्राथमिक चाचणी’ हे शब्द असायलाच हवेत. कारवाईचा आधार मान्यताप्राप्त रासायनिक पद्धतच असते. राखीव सीलबंद वाटा त्यासाठीच ठेवलेला असतो.

## द्रव औषधं

द्रव एकजीव असतं, त्यामुळे नकाशाचा फायदा नाही. ईसी (द्रावकात विरघळवलेल्या, पाण्यात दुधाळ होणाऱ्या) औषधांत अॅरोमॅटिक द्रावकाची खूण औषधाच्या खुणेवर पडते, म्हणून त्याच द्रावकातली संदर्भ मिश्रणं लागतात. पाण्यात विरघळलेल्या एसएल औषधांत १४५० आणि १९४० चा भाग निरुपयोगी होतो आणि तापमान एक-दोन अंशांनी हललं तरी पाण्याची खूण सरकते. नमुने एकाच तापमानाला ठेवा. एससी (द्रवात तरंगणारे बारीक कण) मात्र बाटलीच्या तळाशी बसतं, पूर्ण हलवून लगेच नमुना घ्या. फॉइलवर थेंब वाळवून स्कॅन करायची युक्ती मोजणीला चालत नाही, कारण वाळताना औषध थेंबाच्या कडेला जमा होतं.

## मॉडेल टिकवणं

४० टक्क्यांचं एक मिश्रण बंद कपात ठेवा आणि रोज पहिल्यांदा तेच स्कॅन करा. त्याचा आकडा नेहमीच्या चढउताराच्या दुपटीपलीकडे गेला तर त्या दिवशी नमुने लावू नका, आधी दिवे आणि टाइल तपासा. टाइल मळली असेल तर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणेच साफ करा. दिवा बदलल्यावर पाच-सहा जुनी मिश्रणं पुन्हा स्कॅन करून फरक पाहा. कक्षेबाहेर गेलेल्या नमुन्याचा एचपीएलसी निकाल आला की तो नमुना शिकवण्याच्या संचात घाला. तपासणीची नऊ मिश्रणं मात्र तशीच बाजूला ठेवा, नव्या मॉडेलची परीक्षाही त्यांच्यावरच घ्यायची आहे.